वाऱ्याला जुंपलेला गाडा

काशीच्या दशाश्वमेध घाटाला लागूनच दक्षिणेस अहिल्याबाई घाट आहे. होळकरांच्या त्या पुण्यशील सुनेचे नाव तो अठराव्या शतकापासून वागवीत आला आहे. त्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले म्हणजे पाठीशी वाडे, बुरूज आणि देवळांची शिखरे यांची दाटी असते. समोर नदीपलीकडे मात्र घर नाही की घाट नाही, केवळ रेतीचा पांढुरका पट्टा. गंगा येथे उत्तरवाहिनी होऊन मोठे वळण घेते. वळणाच्या बाहेरच्या अंगास, म्हणजे घाटांशी, पाणी खोल राहते. आतल्या अंगास ते मंदावते आणि बरोबर आणलेली वाळू तेथे टाकून देते. पावसाळ्यात हा पट्टा बुडतो आणि पूर ओसरल्यावर पुन्हा वर येतो. पण तो नेमका पूर्वीचा नसतो. चढ, खळगे, पाण्याची कड, सारे थोडेथोडे सरकलेले असते.

संक्रांतीच्या सुमारास, आणि तिकडे संक्रांतीला खिचडीच म्हणतात, ह्या घाटांवरून व गच्च्यांवरून पतंग उठतात. पश्चिमेचा पछुवा वाहत असला तर ते नदीवर तरंगत जातात. उंच वाड्यांच्या आडोशाला वारा गिरक्या घेतो, म्हणून तेथे पतंग वर चढवणे हेच कसब. एकदा का तो पाण्यावरच्या मोकळ्या वाऱ्यात शिरला की मग हाताला सलग ओढ लागते. ह्या ओढीचे आपण आजवर काय केले? पेच लावले, काटाकाटी केली. काच लावलेल्या मांज्याने बोटे कापून घेतली, आणि पुढे नायलॉनच्या मांज्याने पाखरांचे पंख व वाटसरूंचे गळेही कापले. २०१७ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने असल्या मांज्यावर देशभर बंदी घातली, ती योग्यच झाली. परंतु ही ओढ गाडीला जुंपावी, असा विचार आपल्याकडच्या पतंगबाजांनी फारसा केलेला दिसत नाही.

तो केला इंग्लंडातील ब्रिस्टलच्या एका शाळामास्तराने. त्याचे नाव जॉर्ज पोकॉक. एकाच दोरावर एकामागून एक असे दोन मोठे पतंग चढवून त्याने चार चाकांची गाडी ओढविली आणि १८२६ साली तिचे पेटंट घेतले. पतंग कलता यावा म्हणून त्याला वेगळ्या दोऱ्या होत्या. म्हणजे वारा नेईल तिकडे जाणारी ही निव्वळ वावडी नव्हे. रस्त्यावरील जकातनाक्यांत घोड्यांवर कर होता, पतंगांवर नव्हता, म्हणून ही गाडी कर न देता पुढे जाई, असे सांगतात. ह्या गृहस्थाने आपल्या मार्था नावाच्या मुलीला खुर्चीत बसवून पतंगाने आकाशात चढविले होते. ती सुखरूप खाली आली हे क्रिकेटच्या रसिकांचे भाग्य, कारण डब्ल्यू. जी. ग्रेस हा पुढे तिच्याच पोटी जन्मला.

एवढे असूनही गाडी चालली नाही. रस्ते अरुंद, कडेला झाडे, आणि प्रवाशाला जावयाचे तिकडेच वारा वाहील याची शाश्वती कोण देणार? १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर आगगाडी सुरू झाली. १८४३ साली पोकॉक वारला. पतंगाचा गाडा जवळजवळ विसरला गेला. सुमारे दीडशे वर्षांनी, १९९० च्या आसपास, न्यूझीलंडमधील पीटर लिन ह्या पतंगकाराने पोलादी नळ्यांची हलकी तीनचाकी बनविली, आणि हा गाडा जगभर पसरला. पण तो परतला तो रस्त्यावर नव्हे, तर समुद्राच्या वाळूवर. आणि वाहन म्हणून नव्हे, तर खेळ म्हणून. जुन्याच जागी परतण्याचा हट्ट धरला असता तर त्याचे पुन्हा तेच झाले असते.

आज ह्या गाड्यात माणूस जमिनीपासून वीतभर उंचीवर बसतो. पुढचे चाक पायांनी वळवावयाचे, दोन्ही हात पतंगाला मोकळे. वाऱ्याला आडवे धावले, म्हणजे गाड्याच्या गतीने पतंगाला वारा अधिकच लागतो. त्यामुळे कसबी माणूस प्रत्यक्ष वाऱ्याहूनही वेगाने जातो.

खरी परीक्षा असते ती दहा-पंधरा वर्षे हा खेळ सोडून परतणाऱ्याची. नवशिक्या भीतो आणि भीतीमुळे बचावतो. परतणाऱ्याचे हात मात्र पहिल्या पाच मिनिटांतच सारे आठवतात, आणि तेच धोक्याचे. कारण हातांना आठवते ते तेव्हाच्या मनगटांचे आणि तेव्हाच्या कमरेचे बळ. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. हा हिशोब माणसाच्या वयाकडे पाहून बदलत नाही. पाय तर बहुधा विसरलेलेच असतात: पतंग डावीकडे जातो आणि चाक भलतीकडे वळते. विसावा म्हणून पतंग डोक्यावर स्थिर ठेवावा, तोच एखादा झोत येऊन बसल्या जागेवरून उचलतो.

सामानही वयाबरोबर बदललेले असते. उन्हाने पतंगाचे कापड विरते, खाऱ्या हवेने चाकांचे बेअरिंग गंजते, ताणाने दोर कमीजास्त लांबतात आणि पतंग एका अंगाला ओढू लागतो. म्हणून दोर जमिनीवर पसरून मोजावे, पतंग एका झटक्यात निकामी करणारा सुटका-दोर आधी तपासावा, आणि पहिल्या दिवशी आठवणीतला नव्हे, तर त्याहून लहान पतंग काढावा. हे शहाणपण ऐकावयास सोपे आहे. किनाऱ्यावर ओळखीची माणसे पाहत उभी असताना ते पाळणे कठीण जाते.

आणि वाळू? तीही पारखावी लागते. अलिबागेस ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाड्या जातात, त्या भरतीने रोज दोनदा ठोकून बसविलेल्या ओल्या वाळूवरून. काशीच्या रेतीला असा रोजचा ठोका नाही. पूर गेला की ती वरून सुकून भुसभुशीत होते, चाक रुतते, आणि घट्ट पट्टी उरते ती पाण्याच्या कडेला हातभर. तेथे नावा लागतात, यात्रेकरू उतरतात, घोडे-उंट फिरतात; अशा ठिकाणी ताणलेल्या दोराने धावणे हा खेळ नव्हे, अपराध होय. ह्याच काठाने १९८९ पासून २०२० पर्यंत कासवांचे अभयारण्य होते. वेळासच्या किनाऱ्यावर तर आजही समुद्रकासवे अंडी घालावयास येतात, आणि तेथे चाक नेऊच नये. ज्याला गाडा धावडवावयाचा असेल, त्याने वस्तीपासून दूर, कासवांची घरटी नसलेली सपाट पुळण शोधावी, ओहोटीची वेळ पाहावी आणि गाडा उतरविण्यापूर्वी ती एकदा पायी चालून जावी. गेल्या पावसाळ्यापूर्वीची माहिती ह्या पावसाळ्यानंतर पुरी पडत नाही.