भूक नेमकी कोणाची?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



या सभागृहाच्या जागी पूर्वी पत्र्याची शेड होती. मधल्या सुट्टीत तेथे आमचे डबे उघडत. बडोद्याची शाळा, त्यामुळे पोळीभाजीच्या शेजारी ठेपलेही असत. आमच्या वर्गात एक स्थूल मुलगा होता. त्याला आम्ही ठेवलेले नाव येथे उच्चारणार नाही. ठेवणाऱ्यांत मीही होतो. त्याने तिसरी पोळी उचलली की आम्ही मोठ्याने आकडा पुकारत असू. पुढे तो शेडमध्ये यायचाच थांबला. मी डॉक्टर झालो, स्थूल रुग्णांना ‘तोंडावर ताबा ठेवा’ असे वर्षानुवर्षे सांगत राहिलो. २०१० साली एक शोधनिबंध वाचला आणि ती मोजणी पुन्हा कानांत घुमू लागली.

आपल्या मोठ्या आतड्यात जीवाणूंची प्रचंड वस्ती आहे. त्यांची संख्या शरीरातील पेशींच्या संख्येच्या जवळपास जाते. या वस्तीवर लक्ष ठेवणे हे रोगप्रतिकारशक्तीचे रोजचे काम. बरेच जीवाणू शेपटीसारख्या तंतूने पोहतात. तो तंतू फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि आतड्याच्या अस्तरातील ‘टीएलआर-५’ हे प्रथिन त्याला ओळखते. देवडीवरचा पहारेकरीच म्हणा ना.

अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मातम विजयकुमार, अँड्र्यू गेविर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पहारेकरी नसलेले उंदीर अभ्यासले. बाकीची फौज जागेवर होती, केवळ देवडी रिकामी. तेवढ्याने जीवाणूंच्या वस्तीची घडण बदलली. हे उंदीर इतरांपेक्षा सुमारे १० टक्के अधिक खात, त्यांचे वजन सुमारे २० टक्के अधिक भरे, आणि इन्सुलिनला त्यांचे शरीर नीट दाद देत नसे. खाणे मोजून दिले तेव्हा स्थूलता टळली; इन्सुलिनचा दोष मात्र तसाच राहिला. म्हणजे सारा दोष खाण्याचा नव्हता.

खरी मौज पुढे आहे. या उंदरांच्या आतड्यांतील जीवाणू त्यांनी निर्जंतुक वातावरणात वाढलेल्या, पहारेकरी शाबूत असलेल्या उंदरांना दिले. तेही अधिक खाऊ लागले, स्थूल झाले, त्यांची रक्तशर्करा वाढली. संशोधकांचा कयास असा, की बदललेल्या वस्तीमुळे शरीरात मंद दाह धुमसत राहतो, त्याने इन्सुलिनचा संदेश क्षीण होतो आणि भूक वाढते.

येथे मला थांबले पाहिजे, कारण सभेत टाळी मिळवणे सोपे असते. २०१२ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी दाखवले, की अशा उंदरांतील जीवाणूंचे वेगळेपण प्रतिकारशक्तीतील उणिवेपेक्षा आईकडून मिळालेल्या वारशाने अधिक ठरते. वाद खरा आहे. शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

माणसांतील पुरावा अधिक गंभीर प्रसंगांतून येतो. एचआयव्हीच्या संसर्गात आतड्यातील रक्षक पेशी अगदी आरंभीच मोठ्या प्रमाणात नष्ट होतात आणि जीवाणूंचे अंश रक्तात झिरपू लागतात. दात्याच्या मूळपेशींचे प्रत्यारोपण करताना रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दडपावी लागते. अमेरिका, जर्मनी आणि जपानमधील चार केंद्रांतल्या १,३६२ रुग्णांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आतड्यांत जीवाणूंची विविधता उरली नव्हती, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते. त्या ऱ्हासात प्रतिजैविकांचाही हात असतो. म्हणून पालकांना एक विनंती: सर्दीपडशासाठी दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणून मुलांना देऊ नका. आणि डबा भरताना कोणाच्या ताटातील पोळ्या मोजू नका, निदान मोठ्याने नको.

माझ्या त्या वर्गमित्राचे नाव या महोत्सवाच्या यादीत मी शोधले, सापडले नाही. आमच्या तुकडीतील जे कोणी येथे असतील त्यांनी चहाच्या वेळी मला अवश्य भेटावे. मी नाव कानात सांगेन. पत्ता ठाऊक असेल तर मला हवा आहे.