रसाचा तराजू

ढोकी गाव म्हटलं की तेरणा साखर कारखाना आणि ऊस आठवतो. हाच ऊस महाविद्यालयाच्या वर्गात आणला तर?

उसाच्या रसाचे दोन थेंब ब्रिक्स मोजायच्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर टाकायचे आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. 18 ब्रिक्स म्हणजे 100 ग्रॅम रसात सुमारे 18 ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ, त्यात मुख्यतः साखर. पण ज्याला दिसत नाही, त्या विद्यार्थ्यानं काय करायचं? त्याच्यासाठी तराजू आणावा. एका पारड्यात 1 लिटर पाणी, दुसऱ्यात तेवढाच रस. रस सुमारे 70 ग्रॅम जड भरतो, पारडं खाली जातं आणि ते हाताला कळतं. धडा एकच, वाटा दोन. आणि तराजूनं डोळस मुलांनाही घनता नीट उमगते.

हाताला काम देऊन शिकवायची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो करत करत शिकण्यासाठीच.

ज्यांना दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसह सगळ्या दिव्यांगांसाठी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. पण प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळालं असं नाही. म्हणून प्राध्यापकांना एकच विनंती: उद्याचा तास ठरवताना आधी विचारा, माझ्या वर्गातलं कोण यातून बाहेर राहील?