परिचर्येची वास्तू



विद्यापीठाच्या परिचर्या महाविद्यालयाची नवी वास्तू उभी राहते, तेव्हा कौतुक होते ते मजल्यांचे आणि दालनांचे. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्या वास्तूत काय घडणार, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

परिचर्या म्हणजे केवळ दयाबुद्धी, असा समज समाजात रूढ आहे. चरकसंहितेची भूमिका वेगळी आहे. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद तिने सांगितले. परिचारकाच्या अंगी उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, असेही म्हटले. त्यांत ज्ञानाचा उल्लेख प्रथम येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे मात्र हे काम हलके मानले गेले. परपुरुषाची शुश्रूषा कुलीन स्त्रीने करावी काय, अशी चर्चा घरोघरी होई. त्या काळात, १९०९ साली, रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले आणि विधवा व गरजू स्त्रियांसाठी ससून रुग्णालयातील परिचारिका-शिक्षणाची वाट खुली केली. ज्या स्त्रीला घरात ओझे समजले जाई, ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. त्याच विद्यापीठाने १९६४ साली मुंबईत लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय सुरू केले आणि या विषयाला पदवीची प्रतिष्ठा दिली.

आज विस्ताराचा वेग मोठा आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ नंतरच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या जोडीने १५७ नवी परिचर्या महाविद्यालये मंजूर केली. त्यासाठी १,५७० कोटी रुपयांची तरतूद झाली आणि दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर घडविण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. नवी महाविद्यालये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडण्याचा हा निर्णय दूरदृष्टीचा आहे. कारण परिचर्या फळ्यावर शिकता येत नाही, ती रुग्णाच्या खाटेशीच शिकावी लागते. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस वेळच्या वेळी बदलली नाही, तर पाठीला जखमा होतात. सलाइनचा वेग चुकला, तर औषधच अपाय करते. प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी हात धुतले नाहीत, तर एका खाटेवरचा संसर्ग दुसरीकडे जातो. हे अंगवळणी पडण्यासाठी प्रयोगशाळेइतकाच अनुभवी अध्यापक आणि भरलेला रुग्णकक्ष लागतो.

इमारतीसाठी निधी एकदा मिळतो. अध्यापक मात्र वर्षानुवर्षे घडवावे लागतात. आणि परिचारिकेला योग्य वेतन, सुरक्षित निवास व सन्मान मिळाला नाही, तर येथे शिकलेली कन्या परदेशी जाणारच. तिला दोष देण्याचा अधिकार समाजाला उरत नाही.

मध्यमवर्गीय कुटुंबांत मुलगी डॉक्टर व्हावी, असे सर्वांना वाटते. ती परिचारिका होणार म्हणाली, तर तेवढ्याच अभिमानाने होकार मिळावा. त्या दिवशी ही वास्तू खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.