फिशमन्स: आधी बेस धरा

आज टोकियोच्या फिशमन्स या बँडविषयी बोलायचं आहे. 1987 साली सुरू झालेला हा बँड. गाणारा आणि गाणी रचणारा शिंजी सातो. सुरुवातीला ही मंडळी जमैकाच्या रेगे संगीतात रमलेली होती; 1991 सालच्या पहिल्या अल्बमवर त्याचीच छाप आहे. पुढे त्यांचा सूर अंतर्मुख होत गेला आणि 1996 मध्ये आला 'लाँग सीझन'. सबंध अल्बममध्ये गाणं एकच, पस्तीस मिनिटांचं.

माझं सांगणं असं, की पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे लक्षच देऊ नका. युझुरु काशिवाबाराची बेस गिटार धरा. रेगेमध्ये बेस नुसता साथीला नसतो, गाण्याचा सगळा भार त्याच्यावर असतो. फिशमन्सनी रेगेचा ठेका मागे टाकला, पण बेसचा हा मान कायम ठेवला. खाली ती जड, गोल स्वरांची चाल आणि वर किबोर्डचे तेच ते स्वर, पुन्हा पुन्हा. हे कानात मुरलं की मगच सातोकडे वळा. आवाज पातळ, उंच, पोरगेलासा. तो आळवणी करत नाही, गहिवरत नाही, सहज गातो. बेस इतका खाली आणि आवाज इतका वर, की दोघांमध्ये मोठी पोकळी राहते. ध्वनिमुद्रक झॅकनं तीत प्रतिध्वनी सोडले आहेत. मला यातली उदासी ऐकू येते ती तिथे. जपानी येत नसलं तरी ती पोचते.

मध्यावर गाणं विरघळून जातं. आवाज थांबतो, मग तालवाद्यं आणि पाण्याच्या थेंबांसारखे नाद. इथे पुष्कळांचा धीर सुटतो. विलंबित ख्यालाला बसणाऱ्यांना अर्थात हा धीर शिकवायला नको. थांबा. ती चाल परत येते तेव्हा स्वर तेच असतात, पण आपण ते वेगळ्याच कानांनी ऐकतो.

28 डिसेंबर 1998 ला टोकियोच्या आकासाका ब्लिट्झ सभागृहात त्यांनी हेच गाणं चाळीस मिनिटांहून अधिक वेळ वाजवलं. काशिवाबारा बँड सोडणार होता, त्याच्या निरोपाचा तो कार्यक्रम. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मार्च 1999 मध्ये, सातो गेला, वयाच्या 33व्या वर्षी. त्या कार्यक्रमाचं मुद्रण निघालं आहे आणि अनेक जण तिथूनच सुरुवात करतात. मला ते पटत नाही. मृत्यूची सावली आधीच पडली की गाण्यातलं बाकी काही ऐकू येत नाही. 'लाँग सीझन' झालं तेव्हा सातो तिशीचा होता, ऐन भरात होता. म्हणून आधी स्टुडिओतलं ऐका, शक्यतो हेडफोन लावून, मधे न थांबवता. मग कार्यक्रमाचं मुद्रण लावा आणि त्या खेपेला बेस सोडून होंझीच्या व्हायोलिनच्या मागे जा.