आजी कुठे गेली? : फोटो सुधारताना केलेलं डीबगिंग

हेडफोन लावलेत ना? आजच्या भागात पाहुणे नाहीत. मी एकटाच आहे, आणि थोडा कबुलीजबाब आहे.

दोन वर्षांपूर्वी बोनसच्या पैशातून मी कॅमेरा घेतला. साधाच, १८-५५ ची किट लेन्स असलेला. दोन महिन्यांनी आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मी घरात जाहीर करून टाकलं, "फोटोग्राफर कशाला? मी आहे ना!"

३४० फोटो काढले. रात्री लॅपटॉपवर बघतो तर काय, औक्षण चाललंय, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर अगदी वाचता येतंय, आणि आजीचा चेहरा मात्र पुसल्यासारखा. आजी म्हणाली, "सगळे दिसतात रे, मीच तेवढी नाही." बाबा काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

आधी वाटलं, लेन्सच भंगार आहे. नवीन घेऊ. कार्टमध्ये टाकलीसुद्धा. मग डोक्यात आलं, ऑफिसात काही फाटलं की आपण आधी लॉग बघतो, सर्व्हर विकत घेत नाही. आणि फोटोला लॉग असतो! त्याला एक्झिफ म्हणतात. फोनवरही फोटोचे डिटेल्स उघडा, शटर स्पीड, आयएसओ, सगळं लिहिलेलं असतं.

माझ्या लॉगमध्ये काय होतं? आयएसओ ४००, शटर १/१५. कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं होतं की आयएसओ वाढवला की फोटो दाणेदार होतो, म्हणून मी तो ४०० वर बांधून ठेवला होता. हॉलमध्ये उजेड कमी. मग कॅमेऱ्याने उजेड गोळा करायला शटर जास्त वेळ उघडं ठेवलं. तेवढ्या वेळात आजी हसली, वळली, कुणाला तरी "बस गं" म्हणाली. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन माझ्या हाताचं थरथरणं सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही. म्हणून कॅलेंडर शार्प आणि आजी गायब.

आता गणित बघा. आयएसओ ४०० चा ३२०० केला असता, म्हणजे आठपट, तर त्याच उजेडात शटर १/१५ वरून साधारण १/१२५ वर गेलं असतं. बसून बोलणाऱ्या माणसासाठी तेवढं बहुतेक वेळा पुरतं. फोटो थोडा दाणेदार आला असता, पण आजी दिसली असती. दाणे नंतर कमी करता येतात. हललेला चेहरा परत आणणं जवळपास अशक्य.

मग मी एक नियम केला. एका आठवड्यात एकच गोष्ट बदलायची. पहिला आठवडा फक्त शटर. गॅलरीत झाडांना पाणी घालतानाचे फोटो काढले. १/१००० ला पाण्याचे थेंब सुटे दिसतात, १/१५ ला त्याच पाण्याची दोरी होते. हे एकदा स्वतः बघितलं की पुस्तक वाचावं लागत नाही. दुसरा आठवडा फक्त उजेड. तोच माणूस ट्यूबखाली आणि तोच खिडकीशेजारी. तिसऱ्या आठवड्यात काढलेल्या शंभरातले पाचच ठेवायचे, आणि बाकीचे का उडवले ते वहीत लिहायचं. खरं सांगू? सगळ्यात जास्त मी यातच शिकलो.

लेन्स कार्टमधून काढून टाकली.

गेल्या महिन्यात आजी खिडकीशी बसून मेथी निवडत होती. शटर १/२५०, बारा फोटो, त्यातला एक ठेवला. तिला दाखवला तर म्हणाली, "आता दिसतेय. पण केस विंचरायला सांगायचं ना आधी!"

सहस्रचंद्रदर्शन काही परत येणार नाही. म्हणून एक सांगतो, शिकत असाल तर घरच्या मोठ्या कार्याला फोटोग्राफर बोलवाच. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहून शिका.

आजचा होमवर्क : आधी फोनची लेन्स शर्टाला पुसा. मग तुमचा एक हललेला फोटो उघडा आणि त्याचं शटर किती होतं ते बघा. काय सापडलं ते मला व्हॉइस नोटने नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!