कचरा जातो कोठे? सिंगापूरच्या अनुभवाचा बोध
(भाषणाचा मजकूर)



कचरा दाराबाहेर टाकला की तो नाहीसा झाला, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः तो केवळ जागा बदलतो. जेथे जागाच अपुरी, तेथे हे सत्य लवकर ध्यानी येते. सिंगापूर हे त्याचे बोलके उदाहरण होय. सुमारे ७३५ चौरस किलोमीटरच्या या देशात साठ लाख लोक राहतात. म्हणजे गोव्याच्या एक-पंचमांश भूमीवर गोव्याच्या जवळजवळ चौपट लोकसंख्या.

प्रारंभी तेथे दलदलीच्या सखल जमिनी कचऱ्याने बुजविल्या जात. ही पद्धत सोपी व स्वस्त खरी. परंतु तिची खरी किंमत भूमीच्या रूपाने मोजावी लागते. कुजणाऱ्या ढिगातून ज्वालाग्राही मिथेन वायू निघतो, दूषित पाणी झिरपते आणि ती जमीन दीर्घकाळ वस्तीस निरुपयोगी ठरते.

म्हणून १९७९ साली उलू पांदान येथे कचरा जाळण्याचे पहिले केंद्र सुरू झाले. दहनाने कचऱ्याचे आकारमान सुमारे एक-दशांशावर येते, उष्णतेपासून वीज मिळते व राखेतून धातू वेगळे काढता येतात. मात्र भट्ट्या खर्चिक असतात, धुरातील विषारी द्रव्ये अडविण्यासाठी सतत दक्षता लागते आणि राख उरतेच. मुख्य बेटावरील शेवटचे कचराक्षेत्र १९९९ साली बंद झाले. त्याच वर्षापासून ही राख, तसेच जळू न शकणारा कचरा, गलबतांतून सेमाकाऊ बेटाकडे जाऊ लागला. तेथे समुद्रात सात किलोमीटर लांबीचा दगडी बांध घालून व तो अभेद्य आवरणाने झाकून भरावाची जागा तयार केलेली आहे. तीही २०३५ च्या सुमारास भरेल, असा तेथील शासनाचा अंदाज आहे.

कंपोस्ट खत हा तिसरा मार्ग. परंतु सिंगापूरमध्ये शेतीखाली जेमतेम एक टक्का भूमी आहे. खत तयार केले तरी ते घालावयाचे कोठे, हा प्रश्न उरतो. चौथा मार्ग पुनरुपयोगाचा. बांधकामातील राडारोडा व धातू तेथे बहुतांशी पुन्हा वापरात येतात. घरगुती कचऱ्याच्या बाबतीत मात्र हे प्रमाण २०२३ साली केवळ १२ टक्क्यांच्या आसपास होते. उंच इमारतींतून ओला-सुका कचरा एकाच नळातून खाली टाकण्याची सवय हे त्याचे एक कारण. एकदा खरकट्याने भिजलेला कागद पुन्हा उपयोगी पडत नाही. म्हणूनच २०१४ पासून नव्या सरकारी वसाहतींत दोन स्वतंत्र नळ बसविण्यात येऊ लागले.

या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणतीही एक पद्धत सर्वत्र श्रेष्ठ नसते; प्रत्येकीच्या मागे काय उरते आणि ते ठेवण्यास जागा आहे काय, हे पाहून निवड करावी लागते. जेथे जागा नाही, तेथे सिंगापूरला भट्टीवाचून गत्यंतर नव्हते. आपल्या गावांची स्थिती निराळी आहे. स्वयंपाकघरातील ओला कचरा नीट जळत नाही, पण उत्तम कुजतो. आणि खत घेण्यास परसबाग, माड व शेत जवळच आहेत. जी सोय त्या संपन्न राष्ट्रास लाभली नाही, ती येथे दाराशी आहे. तिचा लाभ घ्यावयाचा तर ओला व सुका कचरा घरातच वेगळा ठेवला पाहिजे. ही सवय शाळेत रुजावी, ग्रामपंचायतीने तिला व्यवस्थेची जोड द्यावी आणि प्रत्येक घराने ती पाळावी.