समुद्रातला दर्गा आणि आपला उंबरठा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुंबई ही आपल्या राज्याची राजधानी. तिथे महालक्ष्मीच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळजणी जाऊन आल्या असतील. देवळामागच्या खडकांवरून समुद्रात एक पांढरी वास्तू दिसते. तो हाजी अलीचा दर्गा. पीर हाजी अली शाह बुखारी यांच्या स्मरणार्थ तो १४३१ साली बांधला असे सांगतात. तिथवर जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते, ओहोटीला पुन्हा मोकळी होते. साऱ्या देशातून सर्व धर्मांची माणसे तिथे येतात.

पूर्वी बायकाही आत मजारीपाशी जात असत. २०११-१२ च्या सुमारास ते बंद झाले. नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमण या दोघी न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली. निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक, रेवती मोहिते डेरे, या स्त्रीच होत्या. २९ नोव्हेंबरला बायका पुन्हा आत गेल्या. त्याच वर्षी गुढीपाडव्याला आपल्या जिल्ह्यातला शनिशिंगणापूरचा चौथराही स्त्रियांना खुला झाला.

खरे सांगते, तेव्हा मी घरात म्हणाले होते, "कशाला हव्यात या उठाठेवी? देव काय बाहेरून दिसत नाही?"

पुढे मुंबईस भाचीकडे गेले असता तिने मला दर्ग्यात नेले. माझ्यापुढे एक म्हातारी होती. मजारीसमोर ओढणी पसरून ती मुकाट्याने रडत होती. तिचे गाऱ्हाणे काय, ते तिलाच ठाऊक. पण माझ्या मनात आले, हिला दाराशीच थांबवले असते तर? देव बाहेरूनही दिसतो हो; पण "तू बाहेर थांब" हे ऐकलेले माणूस विसरत नाही.

आणि तिथेच मला आपले हळदीकुंकू आठवले. गेल्या संक्रांतीला करंडा माझ्याच हाती होता. ओळीत शेजारच्या काकू बसल्या होत्या. त्यांना यजमान जाऊन दोन वर्षे झाली होती. माझा हात पुढे झालाच नाही. मी नुसता तिळगूळ ठेवला आणि पुढे सरकले. काकूंनी मान खाली घातली. माझ्या मुलीच्या बाळंतपणात रात्र रात्र जागलेल्या त्या काकू!

भगिनींनो, दर्ग्याचे दार उघडायला न्यायालय लागले. आपल्या मंडळाचे दार तर आपल्याच हाती आहे. येत्या संक्रांतीला आपल्या विधवा भगिनींनाही हळदकुंकू आणि वाण द्यावे, अशी सूचना मी मांडते. ज्यांना नको असेल त्यांनी घेऊ नये. पण आपण विचारल्यावाचून राहू नये. पहिले बोट मी काकूंच्या कपाळी लावीन. त्याआधी त्यांची क्षमा मागेन.

चुकले असेल तर लहान समजून पदरात घ्या. एवढे बोलून मी आपली रजा घेते.